वाडवडिलांच्या आठवणीचं मांडणशिल्प : कोकणातली कुटुंबं विचारतात ते प्रश्न

मे महिन्यात आणि गणपतीत गावी आलेली मंडळी हे प्रश्न हमखास विचारतात. घर पडायला आलेलं असतं किंवा पडून गेलेलं असतं, जुनं माणूस एखादंच उरलेलं असतं, मुलांना गावाचं नाव माहीत असतं पण पणजोबांचं नसतं. मग कोणीतरी म्हणतं, खळ्यात (घरापुढच्या अंगणात) काहीतरी उभं करूया. दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आम्ही काही जण अशी कामं करतो. एक चित्रकार, एक पाथरवट, एक सुतार आणि त्या त्या वाडीतले हात. खालची उत्तरं त्या कामातूनच आलेली आहेत. आमची काही मतं ठाम आहेत, ती तशीच लिहिली आहेत. दगड लावण्याआधी त्यावर घरात बोला.

घराण्याचं मांडणशिल्प म्हणजे नेमकं काय करायचं?

जागा, घरातल्या वस्तू आणि माणसांची नावं यांची अशी मांडणी करायची की येणारा त्यातून चालत जाईल. पुतळा समोरून बघतात, तसबिरीला हार घालतात. इथे माणूस आत शिरतो, वाकतो, बसतो, हात लावतो.

एक काम सांगतो. घर कधीच कोसळलेलं, वासे वाळवीने खाल्लेले, कौलं गेलेली. उरलं होतं ते जोतं आणि माजघराची फणसाची चौकट. जोत्यावरची माती झाडली तशा ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली यांच्या भिंतींच्या रेघा दिसायला लागल्या. त्या रेघांवर चिऱ्यांचा (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचा) गुडघाभर गडगा घातला, म्हणजे नुसते दगड रचून केलेली भिंत. चौकट जिथली होती तिथेच परत उभी केली. ती इतकी बुटकी, की आजचा कॉलेजातला मुलगा वाकल्याशिवाय आत जात नाही. स्वयंपाकघराच्या जमिनीत वायन (दगडी उखळ) सापडलं, भात कांडून कांडून आतून गुळगुळीत झालेलं. ते उघडं ठेवलं. बाळंतिणीच्या खोलीत काहीच मांडलं नाही. तिथे बाळंत झालेल्या बायकांची नावं फक्त उंबऱ्याच्या दगडावर कोरली. आता त्या घराला छप्पर नाही, भिंती नाहीत. पण तिथे वाढलेली सत्तरीची बाई आली, की भिंत नसलेल्या जागेतून सरळ न जाता पडवीला वळसा घालून मागच्या दारानेच बाहेर पडते.

हे शहरातलं आणि परदेशातलं. आपल्याकडे कशाला?

उघड्यावर आठवण मांडायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर (कातळाच्या उघड्या माळांवर) कातळात कोरलेली माणसं, हत्ती, मासे आजही उन्हापावसात पडून आहेत. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. बोरिवलीजवळ एक्सरला शिलाहारांच्या काळातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक दगड) आहेत, त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून ठसा जपून ठेवलाय. नाव नाही, मजकूर नाही, नुसता तळवा, आणि माणसं त्यापुढे आपोआप गप्प होतात. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू) समाजाचं स्मारक आहे. जहाज फुटलं तेव्हा सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आमचा समाज वाढला, असं ते परंपरेने सांगतात. आणि आपल्या कितीतरी गावांत देवळाच्या आवारात मूळपुरुषाचा पाषाण असतोच, गाऱ्हाण्यात (देवापुढच्या सामूहिक प्रार्थनेत) त्याला हाक मारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

बाहेरचं बघायचंच असेल तर जपान बघा. सेतोउची समुद्रातल्या बेटांवरची तरुण माणसं शहरात गेली, मागे म्हातारी माणसं आणि बंद घरं राहिली. आपल्या वाड्यांचीच गोष्ट. तिथे नाओशिमा बेटावर १९९८ पासून अशी रिकामी घरं एकेक करून कलाकृतीत बदलली गेली. २०१० पासून आसपासच्या बेटांवर दर तीन वर्षांनी मोठा कलामहोत्सव भरतो. तेशिमा नावाच्या बेटावर क्रिस्तियाँ बोल्तान्स्की या फ्रेंच कलावंताने जगभरच्या माणसांच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत. कोणीही जाऊन आपलेही ठोके तिथे ठेवू शकतं. हे सगळं बघण्यासारखं आहे. फरक इतकाच, की तिथली कामं बाहेरून येणाऱ्यांसाठी झाली आणि आपलं काम आपल्याच पोराबाळांसाठी व्हायचंय. म्हणून आपल्याकडे ते लहान असलं तरी चालतं, पण खोटं असून चालत नाही.

कोणाकोणाची नावं घ्यायची? आमच्याकडे छापील वंशावळ आहे.

ती वंशावळ हातात घ्या आणि तिच्यात बायका किती आहेत ते बघा. मूळपुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे अशी रेघ खाली उतरत जाते. सून असलीच तर लग्नानंतरच्या नावाने, कंसात. लेक सासरी गेली की तिची रेघ तिथेच संपते.

आता आपल्या घरांचा इतिहास आठवा. पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, ट्रामच्या डेपोत. वर्षातून एकदा-दोनदा यायचे. इथे भात लावणं, कापणं, गुरं, म्हातारी माणसं, पोरांची शाळा, भाऊबंदांशी चाललेला दावा आणि पावसाळ्याआधी कौलं चाळून घेणं हे सगळं पाठीमागे राहिलेल्या बायकांनी रेटलं. १९८२ च्या गिरणी संपानंतर मनीऑर्डरी थांबल्या तेव्हाही चुली पेटत्या ठेवल्या त्यांनीच. त्यांतल्या बहुतेकींचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं आणि वंशावळीतही नाही.

म्हणून काम घेताना आमची एक अट असते. यादी सुरू करायची ती ज्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नाही त्यांच्यापासून. सुना त्यांच्या माहेरच्या नावानिशी. लग्न होऊन गेलेल्या लेकी. लहानपणी गेलेली मुलं, ज्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली आणि भावाची नातवंडंसुद्धा अंगाखांद्यावर वाढवणारी आत्या. घरातच म्हातारा झालेला गडी. मूळपुरुष राहून जाईल ही काळजी नको, त्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लावायचा नियम महाराष्ट्र सरकारने केलाय. त्या मुलांच्या नातवंडांना आजीची आई शोधत फिरावं लागणार नाही. आपल्याला मात्र शोधायचंय.

पणजीचं माहेरचं नाव कोणालाच आठवत नाही. शोधायचं कुठे?

आधी माळ्यावर चढा. तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. लग्नात आलेल्या कळशीच्या गळ्याशी, परातीच्या मागे, तपेल्याच्या काठावर नाव घातलेलं असतं, ठिपक्या-ठिपक्यांचं. कोणी दिलं त्याचं नाव, कधी त्याच्या गावाचं, कधी तिथी किंवा सालही. मामाने दिलेल्या भांड्यावर मामाचं आडनाव असतं, त्यावरून पणजीच्या आईचं माहेर कळतं. एका कळशीवरून दोन पिढ्या मागे जाता येतं.

भांडं चिंच-मिठाने घासायच्या फंदात पडू नका. उरलेसुरले ठिपके त्यातच जातात. नुसत्या पाण्याने धुवा, कोरडं करा, संध्याकाळच्या तिरप्या उजेडात धरा. पातळ कागद घट्ट दाबून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की डोळ्यांना न दिसणारी अक्षरंसुद्धा वर येतात. एका घरी असं करत असताना नव्वदीच्या आजीने कळशी मांडीवर घेतली, अंगठ्याने ती अक्षरं चाचपली आणि म्हणाली, “माजा नाव खंयच नाय. ह्या कळशेर आसा, तितक्याच.” आम्ही तो कागदावरचा ठसा जसाच्या तसा मोठा केला, काळ्या दगडाच्या पट्टीवर एकेक ठिपक्याचं भोक पाडलं आणि ती पट्टी विहिरीच्या काठाला बसवली. जिथे ती कळशी रोज टेकवली जायची, तिथेच.

भांड्यांनंतर कागद. ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळेचं जनरल रजिस्टर, तलाठ्याकडचे जुने फेरफार. घरातलं कोणी नाशिक-त्र्यंबकेश्वराला किंवा काशी-गयेला जाऊन आलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावानिशी, आडनावानिशी नावं मिळतात. जुन्या लग्नपत्रिका देव्हाऱ्याच्या खणात असतात. आणि शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला विसरू नका. आपल्या घरातली जी गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नाही, ती तिला ठाऊक असते.

नावं कोणत्या क्रमाने लावायची? मोठ्या पातीचं (घराण्याच्या शाखेचं) आधी की धाकट्या?

यावरून काम अडलेलं आम्ही बघितलंय. वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातल्या मृतांचं स्मारक माया लिन या वास्तुकलेच्या विद्यार्थिनीने रचलं. १९८२ साली ते उभं राहिलं. काळ्या दगडाच्या भिंतीवर ५८,००० हून अधिक नावं आहेत, आणि ती हुद्द्याने किंवा बाराखडीने न लावता, माणसं ज्या दिवशी पडली त्या क्रमाने लावली आहेत. एकाच दिवशी गेलेले मित्र शेजारी-शेजारी राहिले. क्रमाचा असा अर्थ असला की भांडण उरत नाही. आपल्याकडे आम्ही नावं जागेवर लावतो. आगर शिंपणाऱ्याचं नाव पाटाशी, गुरांमागे जाणाऱ्याचं बेड्याशी (कुंपणाच्या वाटेशी), रांधणारीचं चुलीशी. मग थोरली पात, धाकटी पात हा वादच निघत नाही.

आमचं घराणं खोतांचं. सगळंच मिरवण्यासारखं नाही. ते कसं दाखवायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर आहे. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत हक्क, कायद्याने गेली ती १९४९ साली. त्याआधी कुळांनी काय सोसलं याच्या आठवणी वाड्या-वाड्यांत जिवंत आहेत. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. जमिनी ओसाड ठेवल्या, उपासमार काढली, पण नांगर धरला नाही. त्या संपाचं स्मारक चरीत आहे, तेही जाऊन बघा.

तुमच्या वाड्याचं जोतं ज्यांनी बांधलं, ज्यांच्या भाताने कणग्या भरल्या, त्या कुटुंबांकडे जा. त्यांना विचारा की त्यांच्या माणसांची नावं इथे लावलेली त्यांना चालतील का. नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तर ती नावं मागच्या दाराला न लावता पुढे लावा. भाताचं माप असेल तर ते मांडा, कारण त्या मापात काय काय झालं हे गावाला माहीत असतं. घराण्याचा मोठेपणा तेवढा कोरून बाकीचं गाळायचं असेल, तर संगमरवराची पाटी स्वस्तात होते, मांडणशिल्पाची गरज नाही.

घरातले काही जण म्हणतात, अमुक नाव नको.

बहुतेकदा ते नाव जातीबाहेर लग्न केलेल्या लेकीचं असतं, किंवा घर सोडून गेलेल्या मुलाचं. आम्ही नाव गाळून काम करत नाही. गेलेल्या माणसाच्या एखाद्या गोष्टीची वाच्यता नको असेल तर ती करू नका, पण माणूस होतं एवढं तर राहू द्या.

जमीन सामायिक आहे. सातबाऱ्यावर पंचवीस नावं. कोणाची संमती लागेल?

कायद्याच्या भाषेत सगळ्या सहहिस्सेदारांची. लेकी धरून. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, त्यामुळे “बहिणींना काय विचारायचं” हे बोलणं आता कायद्यातही बसत नाही. संमती कागदावर घ्या. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहा. या कामामुळे कोणाचाही हिस्सा कमी-जास्त होत नाही, आणि वाटप झालं तर हे काम कोणाकडे राहणार.

कोर्टात दावा चालू असेल तर जमिनीत पाया खणू नका. अशा वेळी आम्ही हलवता येईल असं काम करतो, म्हणजे नुसते रचलेले चिरे, चुन्या-सिमेंटाविना. गडगा तसाच तर असतो. वकिलाला मात्र आधी दाखवा.

किनाऱ्यावर, पुळणीत (वाळूत) उभं करता येईल का?

आमचा सल्ला : नको. भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात येतो, खाडीकाठालाही निर्बंध आहेत. पुळण तुमच्या घरासमोर असली तरी तुमची नसते. किल्ला किंवा लेणं जवळ असेल आणि ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असेल, तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

कायद्याहून मोठं कारण कासवांचं आहे. वेळास, आंजर्ले आणि इतर कितीतरी किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात. तो उजेड समुद्राचा असायला हवा. तुमच्या कामावरचा दिवा त्यांना उलट्या दिशेने माडाच्या बागेत नेईल. नायलॉनची जुनी जाळी टांगण्याची हौस बऱ्याच जणांना असते, तीही किनाऱ्याजवळ नको. वाऱ्याने सुटून पाण्यात गेलं की ते जाळं वर्षानुवर्षं मासे-कासवं अडकवत राहतं.

दर्यात गेलेल्या माणसाची आठवण कशी मांडायची? त्याचं शरीरच मिळालं नाही.

हे आम्हाला सगळ्यात अवघड जातं. घरच्यांना समुद्र दिसेल अशी जागा बहुधा नको असते, आणि काहींना तीच हवी असते. आधी त्या माणसाच्या बायकोला किंवा आईला विचारा, बाकीच्यांना मग.

जुनी होडी असेल तर ती पुरी ठेवू नका. लाकूड पाऊस-उन्हात फुटतं आणि चार वर्षांत ती मोडकी होडी होते, जी बघताना त्रासच होतो. एका कोळी कुटुंबाबरोबर आम्ही होडीचं फक्त वल्हं घेतलं, त्याची मूठ जिथे हातांनी झिजून बारीक झाली होती तेवढ्या भागाचा पितळी ओतीव ठसा केला आणि तो घराच्या पायरीशेजारी, हाताच्या उंचीवर बसवला. घरातून बाहेर पडणारा प्रत्येकजण जाताना ती मूठ धरतो. त्यावर नावही नाही.

कोणतं साहित्य वापरायचं? काय टिकतं?

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. त्यात खारी हवा. मुंबई-पुण्याच्या बागेत वीस वर्षं टिकणारी वस्तू इथे पाच वर्षांत जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा पिढ्यांच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगतून गेलं. तेव्हा उंच, पातळ, वारा अडवणारं काही उभं करू नका. जे जमिनीलगत आहे ते राहतं.

जांभा हा पहिला पर्याय. खाणीतून काढला की नरम असतो, हवा लागली की घट्ट होतो. त्याच्या अंगातल्या लोखंडामुळे तो लाल. त्याच्यावर बारीक अक्षरं कोरू नका, दगड सच्छिद्र असल्याने कडा सुटतात आणि चार पावसांत नाव वाचता येत नाही. वीतभर उंचीची अक्षरं असतील तर ठीक, नाहीतर नावापुरता काळा दगड घ्या आणि तो जांभ्यात बसवा. दगडांमधले सांधे चुन्याने भरा. नुसत्या सिमेंटने जांभ्याच्या अंगातलं पाणी कोंडतं आणि दगडच झिजायला लागतो.

लोखंडाचा खिळा, क्लँप, सळी दगडात घालू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून दगड फोडतो. स्टेनलेस घ्यायचं तर समुद्राजवळ ३१६ प्रतीचं, साध्या ३०४ वर खाऱ्या हवेने डाग आणि खड्डे पडतात. तांबं किंवा पितळ लोखंडाला भिडवू नका. दोन धातू ओल्या, खाऱ्या हवेत चिकटून राहिले की लोखंड झपाट्याने कुजतं.

लाकडात जुनं फणसाचं, ऐनाचं, किंजळाचं, सागाचं चालतं. पण त्याचं बूड जमिनीला लागता कामा नये, खाली दगडाची बैठक हवी. वाळवी खालूनच येते. पावसात झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधायची सवय ठेवा, जशी मातीच्या भिंतींना बांधायचे तशी.

फोटो लावायचे आहेत.

कागदाचा फोटो काचेत घालून बाहेर लावला तर एका पावसात बुरशी धरतो. भट्टीत भाजलेल्या चिनी मातीच्या फरशीवरचा फोटो टिकतो, ख्रिस्ती दफनभूमीत असे जुने फोटो बघायला मिळतात. तरीही आम्ही फोटो कमीच लावतो. फोटो असतो तो बहुधा घरातल्या पुरुषाचा, स्टुडिओत कोट घालून काढलेला. ज्यांचा फोटो कधी काढलाच गेला नाही त्या पुन्हा एकदा बाहेर राहतात.

घरातल्या खऱ्या वस्तू बाहेर मांडल्या तर चोरीला जाणार नाहीत?

पितळ जाईल. बंद घराच्या खळ्यात घागर ठेवून मुंबईला निघून गेलात तर ती पुढच्या गणपतीला दिसणार नाही. म्हणून धातूची मूळ वस्तू घरात, आणि बाहेर तिचा ठसा. जातं, पाटा, वायन, डोण, रहाटाच्या दगडी तुळया अशा जड वस्तू बाहेर मांडायला हरकत नाही. इरलं, रोवळी, हारा, कणगी या बांबू-वेताच्या वस्तू बाहेर एक पाऊस काढत नाहीत. त्या दर वर्षी नव्या विणून घ्या. त्या विणणारे कारागीर अजून आहेत, त्यांना काम मिळेल, आणि विणकाम बघायला घरातली मुलं बसतील.

पितरांना हे चालेल का? दोष लागणार नाही ना?

मांडणशिल्प म्हणजे श्राद्ध नव्हे, म्हाळ नव्हे, त्यांची जागा ते घेत नाही. तुमच्या घरात पितृपक्षात जे होतं ते तसंच करा. मनात शंका राहणार असेल तर काम सुरू करायच्या आधी गावच्या मानकऱ्यांना सांगा, गाऱ्हाणं घालून घ्या. देवराईत, राठीत, चाळ्याच्या जागेत, वारुळाशेजारी काही मांडू नका. या जागांचे गावाने घालून दिलेले नियम आहेत आणि त्यांनीच ती झाडं इतकी वर्षं राखली आहेत.

मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबंही आमच्याकडे येतात. कोकणी मुसलमान घरांत तसबीर-मूर्ती नको असते, तिथे अक्षरं, पाणी आणि बसायची जागा एवढ्यावर फार सुंदर काम होतं.

गावचं घर आणि जमीन दोन्ही विकली गेली. आता काय करायचं?

नव्या मालकाला भेटा. जर्मन कलावंत गुंटर डेम्निग यांनी नाझी छळात मारल्या गेलेल्यांसाठी १९९० च्या दशकापासून वर पितळी पत्रा असलेले अगदी लहान दगड बसवायला घेतले. चारही बाजूंनी जेमतेम १० सेंटिमीटर, तो माणूस जिथे राहायचा त्या घरासमोरच्या पदपथात. घर आज कोणाचंही असो, आज युरोपभर असे दगड आहेत. तुम्हाला बागेच्या बाहेर, पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या) कडेला एका पायरीची परवानगी मिळाली तरी पुरे. पाखाडी बहुधा ग्रामपंचायतीची असते, तिथे अर्ज करा. पायरी नीट बसवून द्या, गावाचीही सोय होईल.

खर्च किती येतो?

चिरा कोणत्या खाणीतून येतो आणि जागेपर्यंत गाडी जाते की डोक्यावरून न्यावा लागतो, यावर बहुतेक खर्च ठरतो. डिझाइनवर कमी आणि वाहतूक-मजुरीवर जास्त जातो. पैसे कमी असतील तर काम लहान करा, साहित्य हलकं घेऊ नका. घरातल्या प्रत्येकाने काहीतरी द्यावं, पण कोणी किती दिलं याची पाटी लावू नये.

मुलांना यात कसं घ्यायचं? ती मोबाइलमध्येच असतात.

त्यांच्या मोबाइलचाच उपयोग करा. आजीचं बोलणं मुद्रित करायला सांगा. प्रश्न छोटे द्या. तुझ्या आईला कोण काय म्हणून हाक मारायचं? लग्न होऊन आलीस तेव्हा या घरात पहिल्या दिवशी काय रांधलंस? नवस कसला बोलली होतीस? मालवणीत, संगमेश्वरीत जसं येईल तसं मुद्रित होऊ दे. मुलांनी शब्दांचा अर्थ विचारला की तिथेच गप्पा सुरू होतात. नावाचे ठसे घ्यायचं कामही त्यांना द्या. दहा वर्षांचं पोर ते मोठ्यांपेक्षा नीट करतं, कारण त्याला घाई नसते.

झाड लावलं तर ते मांडणशिल्प होईल?

होईल, फक्त ते कोणाचं झाड हे ठरवून लावा. समुद्रालगत उंडी चांगली, खारा वारा सोसते. जरा आत बकुळ, सुरंगी, रातांबा. जोत्यावर वड-पिंपळ लावू नका, मुळं जोतं उचकटतात. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. ठरत नसेल तर लावू नका.

काम झाल्यावर देखभाल?

दर वर्षी गणपतीत आलात की गवत काढा, पाणी कुठे तुंबतं का बघा. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नका, नारळाच्या काथ्याने आणि पाण्याने निघतं. नवं नाव घालायचं असेल तर पाथरवटाला आधी कळवा. मोकळी जागा आम्ही ठेवलेली असतेच.

काम कधी काढायचं?

नावं शोधणं गणपतीत, कारण तेव्हा सगळे घरात असतात. मोजमाप आणि चिठ्ठ्या-संमती दिवाळीपर्यंत. दगडाचं काम पौषापासून शिमग्यापर्यंत, तेव्हा पाथरवट मोकळे असतात आणि ऊन बरं असतं. चुन्याचं काम एप्रिलच्या शेवटापर्यंत आटपायलाच हवं. मेमध्ये सगळी मंडळी येतात म्हणून त्यांच्यासमोर काम काढायचा मोह होतो, पण मेच्या अखेरीस वळवाच्या सरी सुरू होतात आणि सांध्यांतला ओला चुना धुऊन जातो. मेमध्ये फक्त शेवटचं नाव बसवायचं ठेवा. तो दगड आधीच घडवून ठेवलेला असतो, बसवायला सकाळची वेळ पुरते.